कॉलेज लॅक्रॉसची असिस्टंट कोच व्हायचं असेल तर

१६ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं होतं. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळ तिथे मंजूर झाले. आपल्याकडे साहजिकच क्रिकेटची बातमी गाजली. त्याच यादीत लॅक्रॉसही होतं, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने बॉल झेलत-फेकत गोल करायचा मैदानी खेळ. तेव्हापासून न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनिया इथल्या मराठी घरांतून मला फोन येतात आणि प्रश्न एकच असतो: "आमची मुलगी हायस्कूलमध्ये लॅक्रॉस खेळते, कॉलेजनंतर कोचिंगच करायचं म्हणते. यावर पोट भरेल का हो?"

मी डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तराच्या, एका कॉलेजात चार वर्षं मिडफिल्डर म्हणून खेळले. नंतर दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्स करता करता कोचिंग करणारी, होते. आता पूर्णवेळ असिस्टंट कोच आहे. फोनवर उत्तर देताना नेहमी काहीतरी राहून जातं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. खेळावर प्रेम आहे असं सांगणाऱ्या मुली पुष्कळ असतात. नोकरी मिळते ती एखादं काम इतकं नीट करणारीला की ती नसेल तर हेड कोचचं अडावं. तुमचं ते काम कोणतं, हे लवकर ठरवा. पुढचं सगळं त्याभोवती आहे.

आधी खेळ नीट ओळखा

लॅक्रॉस मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी समाजांचा, विशेषतः हौदेनोसौनी लोकांचा. महिलांच्या खेळाची वाट मात्र स्कॉटलंडमधून आली. सेंट लिओनार्ड्स शाळेच्या मुख्याध्यापिका लुईझा लम्सडेन यांनी कॅनडात हा खेळ पाहिला आणि १८९० मध्ये त्यांच्या शाळेतल्या मुली तो खेळू लागल्या. अमेरिकेत १९२६ मध्ये रोझाबेल सिंक्लेअर यांनी बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत तो रुजवला. बाल्टिमोर आजही या खेळाचं माहेर आहे.

पुरुषांचा खेळ पाहून महिलांचा खेळ कळला असं समजू नका. इथे अंगावर धडक देता येत नाही. हेल्मेट आणि पूर्ण संरक्षक साहित्य फक्त गोलीला (गोलरक्षक मुलीला) असतं, बाकीच्या मुली डोळ्यांवर गॉगल आणि तोंडात माउथगार्ड घालून खेळतात. स्टिकची जाळी उथळ असते, त्यामुळे बॉल सांभाळायला हात अधिक नाजूक लागतो. एका बाजूला गोलीसह १२ जणी. गोलवर शॉट मारायला ९० सेकंद. २०२२ च्या मोसमापासून कॉलेजात १५ मिनिटांचे चार क्वार्टर आहेत.

दोन नियम तर पाठच हवेत. पहिला तीन सेकंदांचा: गोलपुढच्या आठ मीटरच्या कमानीत डिफेंडर एखाद्या प्रतिस्पर्धी खेळाडूच्या स्टिकभर अंतरात नसेल, तर तिला तिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. दुसरा शूटिंग स्पेसचा: कोणालाही मार्क न करता शॉट मारणारी आणि गोल यांच्या मधल्या जागेत धोकादायकपणे शिरलात तर फाउल. डिफेन्सची सगळी रचना या दोन नियमांभोवती उभी राहते. मुलाखतीत यावर हमखास प्रश्न येतो, आणि जिने हे फक्त वाचलेलं असतं तिची अडचण लगेच दिसते.

कुठल्या दाराने आत शिरायचं

एनसीएए ही कॉलेज खेळांची मुख्य संघटना. तिच्या तिन्ही डिव्हिजन मिळून महिला लॅक्रॉसचे ५०० हून अधिक संघ आहेत, आणि सगळ्यात जास्त संघ डिव्हिजन थ्रीमध्ये. टीव्हीवर दिसतं ते डिव्हिजन वन: मेरीलँड, नॉर्थवेस्टर्न, नॉर्थ कॅरोलायना, बॉस्टन कॉलेज. नव्या मुलींचे डोळे तिकडेच लागलेले असतात. माझा सल्ला उलटा आहे. पहिली नोकरी डिव्हिजन थ्री किंवा टूमध्ये शोधा. डिव्हिजन वनमध्ये नवी असिस्टंट बराच काळ व्हिडिओ कापते आणि हॉटेलं बुक करते. छोट्या कॉलेजात स्टाफ दोघींचाच असतो, त्यामुळे पहिल्याच महिन्यात अख्खा डिफेन्स तुमच्या हातात येऊ शकतो.

डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही. म्हणजे तिथे मुलगी निवडताना तिचे मार्क, आईवडिलांची ऐपत, आर्थिक साहाय्याचे अर्ज हे सगळं तुम्हाला समजून घ्यावं लागतं. हे शिकलेली कोच पुढे कुठेही चालते.

सर्वात सरळ दार म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंटशिप. तुम्ही मास्टर्स करता, कॉलेज फी पूर्ण किंवा काही अंशी माफ करतं, थोडा स्टायपेंड देतं, आणि बदल्यात तुम्ही कोचिंग करता. जाहिराती आयडब्ल्यूएलसीए या महिला लॅक्रॉस कोचेसच्या संघटनेच्या आणि एनसीएएच्या नोकऱ्यांच्या पानावर येतात. मे महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेच्या सुमारास, राष्ट्रीय स्पर्धा संपते आणि मग बदल्यांची साखळी सुरू होते. एक हेड कोच हलली की तिच्यामागे तीन जागा रिकाम्या होतात. जून ते ऑगस्ट रोज जाहिराती बघा.

पूर्वी डिव्हिजन वनमध्ये 'व्हॉलंटिअर कोच' म्हणून बिनपगारी राबायची पद्धत होती. १ जुलै २०२३ पासून ते पदच रद्द झालं. "आमच्याकडे दोन वर्षं फुकट काम कर, मग बघू" असं कोणी सांगितलं तर शांतपणे नाही म्हणा.

भारतातून शिकायला आलेल्या मुलींसाठी व्हिसाचं गणित वेगळं आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना सत्र चालू असेल तेव्हा कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि लॅक्रॉसचा मोसम सत्राच्या मध्यातच असतो. त्यामुळे असिस्टंटशिपचे तास कागदावर किती धरले आहेत हे आधी विचारा. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी विद्यापीठांना वार्षिक कोट्याची मर्यादा नाही, हा मोठा आधार आहे. पण कोचच्या पदाला विशिष्ट विषयातली पदवी लागते हे कॉलेजला सिद्ध करावं लागतं, आणि सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेर असलेल्यांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. सही करण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष बसा. हेड कोच कितीही प्रेमाने "होईल गं सगळं" म्हणाली तरी तिला यातलं फारसं ठाऊक नसतं.

एक काम आपलं करा

आता मुख्य गोष्ट. असिस्टंटकडे सहसा अटॅक, डिफेन्स, गोली किंवा ड्रॉ यांपैकी एखादा विभाग असतो. अटॅक सगळ्यांनाच हवा असतो. गोली शिकवणाऱ्या कोच कमी, आणि ड्रॉ मनापासून शिकवणाऱ्या त्याहून कमी.

ड्रॉ म्हणजे काय ते थोडं सांगते. मध्यवर्तुळात दोघी समोरासमोर उभ्या राहतात, स्टिका आडव्या धरतात, दोन्ही स्टिकांच्या पाठींमध्ये बॉल ठेवला जातो. शिट्टी वाजली की स्टिक वर आणि बाहेर ओढायची. बॉल दोघींच्या डोक्यावरून वर जायलाच हवा. वर्तुळावर दोन्ही संघांच्या आणखी दोन-दोन मुली टपलेल्या असतात. गोल झाला की पुन्हा ड्रॉ. म्हणजे ज्या संघाने गोल केला त्यालाच लगेच पुन्हा बॉल मिळू शकतो. लागोपाठ पाच ड्रॉ जिंकणारा संघ समोरच्यांना बॉल हातातच येऊ देत नाही. मोठ्या फरकाची आघाडी दहा मिनिटांत वितळते ती अशी.

मी ग्रॅज्युएट असिस्टंट होते तेव्हा आमच्याकडे ड्रॉचा सराव शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जायचा. मी हेड कोचला म्हटलं, सरावाआधी मला तीन मुली आणि वीस मिनिटं द्या. मनगटाचा कोन, पायांमधलं अंतर, शिट्टीआधी श्वास कुठे रोखायचा, असं रोज एकच काहीतरी घ्यायचो. प्रत्येक ड्रॉ फोनवर हळू गतीने चित्रित करून मुलींना दाखवायचे. प्रत्येक सामन्यात कोण कुठल्या दिशेला ओढते, बॉल कुठे पडतो, कोणाच्या हाती लागतो, याची वही ठेवली. दुसऱ्या वर्षी ती वही बघितल्याशिवाय आमची हेड कोच सामन्याची तयारी करायची नाही. माझी पहिली पूर्णवेळ नोकरी मला त्या वहीने दिली. मुलाखतीला मी ती सोबत नेली होती.

तुम्ही खेळताना कुठे उभ्या राहायचात याचा फार विचार करू नका. मी मिडफिल्डर होते आणि ड्रॉ स्वतः क्वचितच घ्यायचे. शिकवायला लागतं ते निरीक्षण.

स्काउटिंग: एक पान पुरे

प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास हे असिस्टंटचं रोजचं काम. त्यांचे आधीचे तीन-चार सामने हडल या व्हिडिओ साइटवर बघायचे आणि नेमक्या प्रश्नांची उत्तरं शोधायची. त्यांची डिफेंडर चुकली की पहिली मदत कुठून येते, क्रीजवरून (गोलभोवतीच्या वर्तुळापासून) की शेजारून? गोली खालच्या शॉटला उशिरा जाते का? सगळ्यात जास्त शॉट मारणारी डावीकडे वळायला कचरते का? बॉल गोलीकडून वर आणताना त्या कोणाला शोधतात?

माझा पहिला स्काउट रिपोर्ट नऊ पानांचा होता. दोन रात्री जागून केला होता. बसमध्ये मुलींना वाटला आणि सामन्यात त्यातलं काहीच उतरलं नाही. त्यांची सर्वात धोकादायक मुलगी उजवीकडूनच येते हे मी सातव्या पानावर लिहिलं होतं, आणि तिने उजवीकडूनच चार गोल केले. हेड कोचने मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, पुढच्या वेळी एक पान, आणि सगळ्यात वर तीन वाक्यं. आजही मी तसंच करते. ती तीन वाक्यं ठरवायलाच सर्वात जास्त वेळ लागतो.

रिक्रूटिंग: नोकरीचा अर्धा भाग

आई फोनवर विचारते, "अगं, जुलैमध्ये तर खेळ बंद असतो ना, मग इतकी दमतेस कशाने?" जून-जुलैत आम्ही क्लब स्पर्धांच्या मैदानांवर असतो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, घडीची खुर्ची, टोपी, पाण्याच्या बाटल्या, आणि एकाच वेळी शेजारशेजारच्या दहा-बारा मैदानांवर सामने. हायस्कूलच्या मुली बघायच्या आणि पुढच्या दोन वर्षांची यादी बनवायची.

इथले नियम कडक आहेत आणि नव्या असिस्टंटची चूक बहुधा इथेच होते. डिव्हिजन वनमध्ये मुलीच्या ज्युनिअर वर्षाच्या, म्हणजे अकरावीच्या, १ सप्टेंबरआधी तिच्याशी रिक्रूटिंगचं बोलता येत नाही. २०१७ मध्ये हा नियम येण्यापूर्वी आठवी-नववीतल्या मुली कॉलेजला तोंडी होकार देऊन बसायच्या. चौदा वर्षांच्या मुलीला कुठल्या गावी चार वर्षं काढायची आहेत हे कसं कळणार? हा नियम आला ते फार चांगलं झालं. कॅम्पसबाहेर जाऊन मुली बघायच्या असतील तर डिव्हिजन वनच्या कोचला दर वर्षी नियमांची परीक्षा पास व्हावी लागते. ती नियमावली मनापासून वाचा, नुसती पास होण्यापुरती नको. मराठी मंडळाच्या गणपतीत एखाद्या ओळखीच्या काकांनी "ही आमची नववीतली मुलगी, जरा सांगा तुमच्या कॉलेजबद्दल" म्हटलं, तर हसून विषय बदलावा लागतो. काकांना वाईट वाटतं, पण इलाज नाही.

मैदानावर काय बघायचं? गोल सगळेच मोजतात. मी बॉल गमावल्यानंतरची पहिली तीन पावलं बघते. मुलगी मागे धावते की हात झटकते? बदली होऊन बाहेर आल्यावर बाकावर कशी बसते? आईशी कशी बोलते? नॉर्थवेस्टर्नने १९९० च्या दशकात बंद केलेला संघ २००२ मध्ये पुन्हा उभा केला, तेव्हा केली अमोंटे हिलर यांनी लॅक्रॉस कधीच न खेळलेल्या, पण पळणाऱ्या आणि जिद्दी मुलीही संघात घेतल्या. २००५ मध्ये तो संघ एकही सामना न हरता विजेता झाला. नजर अशी असावी लागते.

जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या, खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या तडजोडीनंतर डिव्हिजन वनचं चित्र बदललं. पूर्वी महिला लॅक्रॉससाठी १२ स्कॉलरशिपची मर्यादा होती. आता तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा नाही, पण संघात जास्तीत जास्त ३८ मुली. मोठ्या संघांची सवय असलेल्या कोचेसना आता कोणाला नाही म्हणायचं हे ठरवावं लागतं, आणि तो फोन बऱ्याचदा असिस्टंट करते. तो लांबवू नका. त्या घरी लोक वाट बघत असतात.

ज्याची जाहिरातीत वाच्यता नसते

जेवणाच्या ऑर्डरी, बसचं वेळापत्रक, जर्सी धुण्याची व्यवस्था, कॅम्पची नोंदणी हे सगळं असिस्टंटकडे असतं. एका दौऱ्यात मी सगळ्यांसाठी चिकन मागवलं आणि दोन शाकाहारी मुली चिप्सवर सामना खेळल्या. मी स्वतः शाकाहारी घरातली, तरी माझ्याकडून हे झालं. तेव्हापासून प्रत्येकीच्या जेवणाची यादी माझ्या फोनमध्ये असते.

डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या सरावाला मोसमात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. कोचला अशी मर्यादा नाही आणि ओव्हरटाइम सहसा मिळत नाही. फेब्रुवारी ते मे शनिवार-रविवार तुमचे नसतात. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा.

आणखी एक जबाबदारी सगळ्यात जड. तुम्ही वयाने मुलींच्या जवळच्या असता, त्यामुळे त्या हेड कोचला न सांगितलेलं तुम्हाला सांगतात. छळ किंवा लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं तर बहुतेक कॉलेजांत असिस्टंट कोचला ते टायटल नाइन (शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धचा कायदा) कार्यालयाला कळवावंच लागतं. म्हणून "कोणाला सांगणार नाहीस ना?" असं एखादीने विचारलं तर ती बोलण्याआधीच सांगा: काही गोष्टी मला वर कळवाव्या लागतात, पण मी तुझ्यासोबत येईन. समुपदेशकाकडे गुप्तता असते, हेही सांगा आणि तिथवर तिच्याबरोबर चालत जा. आधी वचन देऊन मग मोडलं तर ती मुलगी पुन्हा कोणाशीच बोलत नाही.

अर्ज आणि मुलाखत

रेझ्युमे एका पानाचा. त्यात "खेळाची आवड" लिहू नका. कुठला विभाग सांभाळला आणि त्यात काय बदललं ते लिहा. संदर्भासाठी तीन नावं: एक हेड कोच, एक बरोबरीची कोच, आणि जमलं तर ट्रेनर किंवा अकॅडमिक सल्लागार, कारण त्यांनी तुम्हाला हरलेल्या दिवशीही पाहिलेलं असतं. सीपीआर, सेफस्पोर्ट (खेळाडूंचा छळ रोखण्याचं प्रशिक्षण) आणि यूएसए लॅक्रॉस या राष्ट्रीय संघटनेचं कोचिंग प्रशिक्षण आधीच पूर्ण करून ठेवा. जानेवारीतल्या यूएसए लॅक्रॉसच्या अधिवेशनाला एकदा तरी जा. तिथल्या कॉरिडॉरमधल्या गप्पांतून नोकऱ्या कळतात.

मुलाखत दिवसभर चालते. मुलींच्या गटाशी वेगळी भेट असते. त्यांना प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. बऱ्याच ठिकाणी एक ड्रिल घ्यायला सांगतात. साधं ड्रिल निवडा आणि ते चालू असताना किमान दोनदा, मुलीचं नाव घेऊन, नेमकी सुधारणा सांगा. बघणाऱ्यांना तेवढ्यावरून कळतं.

१९७२ मध्ये टायटल नाइन कायदा आला तेव्हा महिला संघांच्या दहापैकी नऊहून अधिक कोच महिला होत्या. पैसा आणि प्रतिष्ठा आली तसे पुरुष आले, आणि २०१४ पर्यंत हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास उतरलं. लॅक्रॉसमध्ये अजून बहुसंख्य हेड कोच महिला आहेत. मेरीलँडच्या कॅथी रीस तिथेच खेळल्या, तिथेच असिस्टंट झाल्या, मग डेन्व्हरला हेड कोच म्हणून गेल्या आणि २००७ च्या मोसमापासून मेरीलँडचा संघ सांभाळू लागल्या. अशी वाट या खेळात खरोखर चालता येते, म्हणून मी मुलींना याच खेळात राहा म्हणते.

सही करण्याआधी

कोलोरॅडो, न्यूयॉर्क, मेरीलँड, न्यू जर्सी या राज्यांत जाहिरातीत पगार किमान किती ते कमाल किती हे देणं कायद्याने बंधनकारक आहे. इतर राज्यांत अर्ज करत असाल तरी या जाहिराती वाचा, अंदाज येतो. मग विचारा: नियुक्ती दहा महिन्यांची की बाराची? आरोग्य विमा कधीपासून? उन्हाळी कॅम्पचे पैसे वेगळे की पगारातच? रिक्रूटिंगच्या प्रवासाचा खर्च आधी स्वतःच्या कार्डवर करायचा का, आणि तो किती दिवसांत परत मिळतो? हेड कोच गेली तर माझ्या कराराचं काय? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पण नवी हेड कोच बहुधा स्वतःची माणसं आणते, आणि ऑगस्टमध्ये घर सोडावं लागण्यापेक्षा मे महिन्यात अवघड प्रश्न विचारलेला बरा. उत्तरं ई-मेलवर मागा.

पहिल्या आठवड्यात संघाची यादी हातात येईल. माझं स्वतःचं नाव अमेरिकेत वर्षानुवर्षं चुकीचं उच्चारलं गेलं, म्हणून मी एक पद्धत ठेवली आहे. प्रत्येक मुलीला तिचं नाव तिच्याच तोंडून म्हणायला लावून फोनमध्ये रेकॉर्ड करते, आणि पहिल्या सरावाआधी गाडीत बसून सगळी नावं मोठ्याने म्हणून बघते.